पनिशरचं पुनरागमन

पनिशर म्हणजे फ्रँक कॅसल, मार्व्हल कॉमिक्समधला न्यूयॉर्कचा अँटीहीरो. पुनरागमन म्हटलं की कॉमिक्सवाले बहुतेक वेळा २००० सालची 'वेलकम बॅक, फ्रँक' ही १२ अंकांची मालिका धरतात, लेखक गार्थ एनिस, चित्रं स्टीव्ह डिलनची. तसा हा माणूस आधी आणि नंतरही बऱ्याचदा परत आलाय, पण आज लोकांच्या डोक्यात जो पनिशर आहे तो बराचसा या १२ अंकांमधला.

आधी थोडी मागची गोष्ट. हा पहिल्यांदा आला तो 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या १२९व्या अंकात, अंकावर तारीख फेब्रुवारी १९७४ ची, आणि आला तो चक्क स्पायडर-मॅनला मारायची सुपारी घेऊन. लेखक जेरी कॉनवे, चित्रं रॉस अँड्रूची, ड्रेस जॉन रोमिटा सीनियरने ठरवलेला. कॉनवेच्या स्केचमध्ये छातीवर एका बाजूला छोटीशी कवटी होती, रोमिटाने ती अख्ख्या छातीभर पसरवली आणि तिचे दात खाली पट्ट्यापर्यंत ओढले. नाव 'असॅसिन' ठरत होतं, पनिशर हे स्टॅन लीने सुचवलं. फ्रँक व्हिएतनाममध्ये लढलेला मरीन, सेंट्रल पार्कमध्ये बायकापोरांना घेऊन पिकनिकला गेला, तिथे माफियाचा खूनखराबा नजरेस पडला आणि साक्षीदार नको म्हणून सगळ्यांवर गोळ्या चालल्या, वाचला तो एकटाच. तेव्हापासून बंदूक घेऊन गुन्हेगार मारत सुटलाय. ना उडता येतं, ना भिंतीवर चढता येतं, नुसता राग, ट्रेनिंग आणि हत्यारं.

बारा वर्षं तो दुसऱ्यांच्या अंकांमध्ये पाहुणा म्हणूनच यायचा. १९८६ साली स्टीव्हन ग्रँट आणि माइक झेक यांची छोटी मालिका आली ती चालली, १९८७ पासून स्वतःचा मासिक अंक सुरू झाला, आणि मग मार्व्हलने तो उसासारखा पिळला. नव्वदच्या सुरुवातीला त्याच्या नावाचे तीन-तीन मासिक अंक एकाच वेळी चालू होते. एका कथेत चेहऱ्याची सर्जरी करून त्याला काही अंक काळा माणूस केलं, १९९४ मध्ये तर आर्चीबरोबर एक अंक काढला, हो तोच आपला विनोदी कॉमिक्समधला रिव्हरडेलचा आर्ची (आणि गंमत म्हणजे तो अंक वाईट नाहीये). १९९५ मध्ये तिन्ही अंक बंद पडले. पुढे त्याला माफियाचा बॉस करून बघितलं, तेही चाललं नाही. १९९६ च्या डिसेंबरात मार्व्हलनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. १९९८ साली तर कहरच, मेलेल्या फ्रँकला देवदूतांनी परत पाठवलं, हातात स्वर्गातली हत्यारं आणि समोर राक्षस. चित्रं बर्नी राइटसनसारख्या मोठ्या माणसाची होती, दिसायला छानच, पण ज्याची सगळी गंमत साधा माणूस असण्यात त्याला देवाचा माणूस केल्यावर उरतं काय?

एनिस उत्तर आयर्लंडचा, त्याने आणि डिलनने 'प्रीचर' हे कॉमिक गाजवलेलं होतं, म्हणून मार्व्हलच्या 'मार्व्हल नाइट्स' विभागाच्या ज्यो केसाडा आणि जिमी पामियोटी यांनी काम त्यांच्याकडे दिलं. एनिसने देवदूतांचं प्रकरण पहिल्याच अंकात एक-दोन वाक्यांत उडवून लावलं, जमलं नाही म्हणून सोडलं अशा थाटात, आणि फ्रँकला एका जुनाट बिल्डिंगमध्ये भाड्याने राहायला पाठवलं. शेजारी कोण, तर घाबरट जोन, तोंडभर रिंगा टोचलेला स्पॅकर डेव्ह आणि दारातून जेमतेम मावणारा मिस्टर बंपो. पनिशरला पकडायला पोलिसांनी नेमलेल्या पथकात डिटेक्टिव्ह सोप, शहरातला सगळ्यात पनवती माणूस. समोर मा नूची नावाची म्हातारी माफिया बॉस. प्राणिसंग्रहालयातल्या मारामारीत पांढरी अस्वलं तिचे हातपाय खातात तरी ती मरत नाही, व्हीलचेअरवरून शिव्या देत नवे मारेकरी पाठवत राहते. त्यातला रशियन नावाचा पहिलवान फ्रँकला जवळजवळ संपवतो, मग फ्रँक त्याच्या तोंडावर गरमागरम पिझ्झा चिकटवतो आणि वरून बंपोचं धूड टाकून त्याला गुदमरवतो. वाचताना हसू येतं आणि हसल्याची जरा लाजही वाटते. डिलनची चित्रं एकदम साधी, रेषा स्वच्छ, आणि एवढ्या सगळ्या गोंधळात फ्रँकचा चेहरा ढिम्म, विनोद निम्मा तिथेच आहे.

पण नुसता विनोद असता तर हे टिकलं नसतं. तिसऱ्या अंकात फ्रँक मार्व्हलच्याच डेअरडेव्हिल या हीरोला साखळीने बांधतो आणि त्याच्या हाताला टेपने पिस्तूल चिकटवतो. स्वतः समोर एकाला गोळी घालणार असतो, थांबवायचं असेल तर मला मार म्हणतो. कुणालाही न मारणारा डेअरडेव्हिल शेवटी चाप ओढतो, आणि पिस्तुलात फायरिंग पिनच नसते. २०१६ मध्ये नेटफ्लिक्सच्या 'डेअरडेव्हिल'च्या दुसऱ्या सीझनमध्ये जॉन बर्नथल पनिशर झाला तेव्हा हाच प्रसंग थोडा बदलून घेतला होता. त्याच्याआधी २००४ च्या टॉमस जेनच्या सिनेमात शेजारी आणि रशियन उचलले होते, पण सिनेमा मधेच रडका आणि मधेच विनोदी झाल्यामुळे धड काहीच झाला नाही.

या मालिकेत पनिशरचे तीन फॅनही आहेत, एक पाद्री, एक श्रीमंत वस्तीत राहून त्याला 'घाण' वाटणारी माणसं मारणारा, आणि एक कंपन्यांच्या साहेबांना मारणारा. शेवटी तिघं एकत्र येऊन आमचा नेता हो म्हणून फ्रँकला विचारतात आणि तो तिघांनाही तिथेच गोळ्या घालतो. २००० साली हे वाचून लोक हसले असतील. पुढे तीच कवटी अमेरिकन सैनिकांच्या गणवेशावर आणि पोलिसांच्या गाड्यांवर दिसायला लागली, २०१७ मध्ये केंटकीतल्या कॅटलेट्सबर्ग पोलिसांना ती गाड्यांवरून काढावी लागली. २०१९ च्या एका अंकात सेल्फी मागणाऱ्या पोलिसांच्या गाडीवरचं स्टिकर फ्रँक स्वतः फाडतो आणि आदर्श हवा तर कॅप्टन अमेरिका घ्या असं सुनावतो. कॉनवेने २०२० मध्ये कवटी परत मिळवायला ब्लॅक लाइव्ह्ज मॅटरसाठी टीशर्ट काढले.

एनिसने २००४ पासून प्रौढांसाठीच्या मॅक्स लेबलवर आणखी ६० अंक लिहिले, त्यात विनोद जवळजवळ नाही, फ्रँक म्हातारा आणि व्हिएतनाम पाठीवर, माझ्या मते हेच त्याचं सगळ्यात चांगलं काम. एनिसने पनिशर सोडल्यावर मार्व्हलला पुन्हा खाज सुटली. २००९ मध्ये फ्रँकचे तुकडे करून, शिवून त्याला फ्रँकेन्स्टाइनसारखा राक्षस केलं, काही महिन्यांत परत माणूस. २०२२ मध्ये जेसन आरनच्या १३ अंकांत तो निंजांच्या हँड टोळीचा प्रमुख झाला आणि कवटीसुद्धा बदलली, शिंगं आली.

आपल्याकडे राज कॉमिक्सचा डोगा साधारण याच जातीचा, कुत्र्याचा मुखवटा घालून मुंबईत गुंडांना मारत फिरणारा, फक्त हिंदी बोलणारा.

२०२५ च्या मार्चमध्ये 'डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन'मधून बर्नथल परत आला. त्यात डेअरडेव्हिलचा शत्रू किंगपिन याच्या पथकातले भ्रष्ट पोलीस अंगावर कवटी गोंदवून फिरतात आणि पनिशर आपल्याच बाजूचा आहे असं धरून चालतात. त्याला भेटल्यावर त्यांचं जे होतं ते त्या तीन फॅनपेक्षा फार वेगळं नाही.