‘कम सप्टेंबर’मधील गाणी

‘कम सप्टेंबर’ हा इटलीत घडणारा अमेरिकन प्रेमविनोदी चित्रपट १९६१ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक रॉबर्ट मलिगन. गायक-नट बॉबी डॅरिन (१९३६–७३) याच्या दोन रचना त्यात आहेत : शीर्षकधून आणि ‘मल्टिप्लिकेशन’ हे गाणे. पार्श्वसंगीत हान्स सॉल्टर यांचे. शीर्षकधुनीला शब्द नाहीत, तरी भारतात चित्रपटापेक्षा तीच घरोघरी पोचली.

रॉबर्ट टॅलबट (रॉक हडसन) हा अमेरिकन उद्योगपती दरवर्षी फक्त सप्टेंबरात इटालियन रिव्हिएरावरच्या आपल्या बंगल्यावर येतो. त्याची प्रेयसी लिसा (जीना लोलोब्रिजिदा) उरलेले अकरा महिने वाट पाहते. एका वर्षी तो जुलैतच येऊन थडकतो आणि पाहतो तो काय, कारभाऱ्याने मालकाच्या माघारी बंगल्याचे हॉटेल करून टाकलेले! बरेचसे चित्रीकरण पोर्तोफिनो आणि सांता मार्गेरिता लिगुरे या लिगुरियातील समुद्रकाठच्या गावी झाले.

‘मल्टिप्लिकेशन’ पडद्यावर डॅरिन स्वतःच गातो. गुणाकार म्हणजे निसर्गाचा जुना खेळ, नर-मादी भेटले की संख्या वाढायचीच, अशी त्याची खट्याळ कल्पना. ब्रिटनमध्ये हे गाणे पहिल्या दहांत पोचले. डॅरिनचा आवाज त्यात मजेत आहे; पण रचना म्हणून शीर्षकधून कितीतरी सरस आहे. तिची ओळ आखूड, पुन्हापुन्हा येणारी, ठेका चालता. दोनदा ऐकली की कोणालाही गुणगुणता येते. बिली व्हॉन यांच्या वाद्यवृंदाने सॅक्सोफोनच्या जोडीवर तिची वेगळी तबकडी काढली.

चित्रपटातील तरुण जोडी म्हणजे डॅरिन आणि सँड्रा डी. दोघांची भेट याच चित्रीकरणात झाली आणि चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, डिसेंबर १९६० मध्ये, त्यांनी लग्न केले. डॅरिनचे मूळ आडनाव कॅसोटो, घराणे इटालियन वंशाचे.

हिंदी चित्रपटाने कथा आणि धून दोन्ही उचलल्या, मात्र वेगवेगळ्या वेळी. माघारी बंगल्याचे हॉटेल करणारा कारभारी शक्ती सामंत यांच्या ‘कश्मीर की कली’त (१९६४) आला, ती भूमिका मराठी नट धुमाळ यांनी केली. संगीत मात्र ओ. पी. नय्यर यांचे, सर्वस्वी त्यांच्या धाटणीचे. धुनीला हिंदी शब्द मिळाले ते १९९५ मध्ये : ‘राजा’ चित्रपटातील ‘नजरें मिली दिल धडका’. संगीत नदीम-श्रवण, गायक अलका याज्ञिक आणि उदित नारायण. हे गाणे आधी ऐकलेल्या पिढीला मूळ धून हीच नक्कल वाटते. त्यात बिचाऱ्या डॅरिनचे नाव हरवून जाते.

तोवर ही धून लग्नाच्या वरातीत कधीच रुळली होती. क्लॅरिओनेटवाला पहिली ओळ उचलतो, ट्रंपेट तिला उत्तर देतात, साइड ड्रमची घाई वाढते आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे मित्रमंडळी जागच्या जागी नाचू लागतात. शब्द नाहीत म्हणून गायक लागत नाही, भाषाही आड येत नाही. मांडवाच्या दाराशी वरात रेंगाळली तर बँडवाले तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून धरतात.