विशेष मुलांचे शिक्षक: बी.एड. पुरत नाही

गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरीत एक समज वर्षानुवर्षे चालत आला आहे: साधे बी.एड. आणि जोडीला तीन महिन्यांचे ऑनलाइन प्रमाणपत्र असले की विशेष मुलांना शिकवता येते. हे चूक आहे.

1992च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार विशेष शिक्षकाचे नाव या परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत असावेच लागते. त्यासाठी परिषदमान्य डी.एड. किंवा बी.एड. (विशेष शिक्षण) हवे. नोंदणी कायमची नसते. मुदतीत सतत-शिक्षणाचे, म्हणजे मान्य कार्यशाळा-परिसंवादांना हजर राहून मिळणारे, गुण मिळवून नूतनीकरण करावे लागते.

घोटाळा होतो तो प्रवेशाच्या वेळी. परिषदेची मान्यता संस्थेला सरसकट नसते, ती अभ्यासक्रमागणिक आणि ठरावीक वर्षांपुरती असते. म्हणून शुल्क भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर तोच अभ्यासक्रम, तेच प्रवेशवर्ष शोधा. नाही तर दोन वर्षे घालवूनही नोंदणी होत नाही, आणि याचे फार वाईट वाटते.

शाखाही विचारपूर्वक निवडा. कर्णबधिर मुलांसाठीची तयारी वेगळी, दृष्टिहीनांसाठी ब्रेल, बौद्धिक अक्षमतेसाठी एकेक कृती छोट्या पायऱ्यांत मोडून शिकवणे.

गोव्यात सरकारी नोकरीसाठी कोकणीचे ज्ञानही लागते. मूल घरी जी भाषा बोलते, तीच वर्गात आधी कामी येते.