‘नॅचरल हसा’ म्हटलं की चेहरा का अडतो?

मागच्या हिवाळ्यात भाच्याच्या प्री-वेडिंग शूटसाठी सकाळी सातला नागपूरच्या फुटाळा तलावावर हजर होतो. मामा म्हणून माझ्याकडे दोन बॅगा आणि चहाचा थर्मास सांभाळायचं काम. तलावावर धुकं, पाण्यावर कोवळं ऊन, सगळं चित्रासारखं. बिघडलेला फक्त आमचा भाचा. एरवी तर्री-पोह्याच्या गाडीवर चार पोट्ट्यांत खिदळणारा हा गडी कॅमेरा समोर येताच बँकेच्या फॉर्मवर चिकटवायच्या फोटोसारखा उभा राहिला. खांदे कानाला टेकायला निघालेले, एक अंगठा खिशात, दुसऱ्या हाताचं काय करायचं ते सुचत नाही. फोटोग्राफर ओरडत होता, “भाऊ, थोडं न्याचरल हसा ना! काहून असे ताठ झाले?” तो जितकं सांगे तितका हा ताठ होई.

यात भाच्याचा दोष नाही. हुकमाने हसणं आणि आपोआप हसू येणं या मेंदूच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फ्रेंच मज्जातंतुतज्ज्ञ गियोम ड्युशेन यांनी 1862 मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवर एक ग्रंथ छापला. चेहऱ्याची संवेदना जवळजवळ गेलेल्या एका म्हाताऱ्याच्या गालाला विजेची टोकं लावून ते एकेक स्नायू आखडवत आणि त्याचा फोटो काढून ठेवत. गालाच्या हाडापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत येणारा स्नायू आखडला की ओठ वर जात, पण म्हातारा हसतोय असं काही वाटेना. त्याला खरोखर हसवलं तेव्हा आणखी एक स्नायू कामाला लागला. डोळ्याभोवती कड्यासारखा असलेला हा स्नायू गाल वर उचलतो आणि डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पाडतो. ड्युशेन यांचं म्हणणं, पहिला स्नायू आपलं ऐकतो, दुसरा मनातल्या आनंदाचं ऐकतो. पुढे असं दिसलं की बऱ्याच जणांना तो दुसराही ठरवून हलवता येतो. म्हणजे नाटक अगदीच अशक्य नाही, पण कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या नवरदेवाकडून ती अपेक्षा नको.

अर्धांगवायूच्या काही रुग्णांमध्ये हा फरक फार स्पष्ट दिसतो. डॉक्टर “दात दाखवा” म्हणतात तेव्हा तोंडाची एकच बाजू उचलली जाते. पण नातू काही गंमत बोलला की दोन्ही बाजू सारख्या हसतात! काही रुग्णांत याच्या अगदी उलट घडतं. कारण हुकमी हालचालीचा आदेश मेंदूच्या पृष्ठभागावरच्या हालचालींच्या पट्ट्यातून निघतो, तर भावनेतून येणाऱ्या हसण्याची सुरुवात दुसरीकडे, बरीच खोल असलेल्या भागांत होते. चेहऱ्याची नस शेवटी तीच, पण तिच्यापर्यंत पोहोचायचे रस्ते दोन. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहू शकतो.

“न्याचरल हसा” हा आदेश जातो पहिल्या रस्त्याने, आणि आपल्याला हवं असतं दुसऱ्या रस्त्याने येणारं हसू. शिवाय खरं हसू साधारण पाऊण सेकंद ते चार सेकंदच टिकतं. रिसेप्शनच्या स्टेजवर चारशे पाहुण्यांची रांग संपेपर्यंत ते धरून ठेवायला लावणं म्हणजे स्नायूंवर अन्यायच. तासाभरात ओठांचे कोपरे थरथरायला लागतात.

अडचण नुसत्या चेहऱ्याची नसते. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर पाय कसा पडतो याचा विचार करून बघा, हमखास अडखळाल. रॉय बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं. माणसाचं लक्ष स्वतःकडे वळवलं की सवयीचं कामही बिघडतं. “हात असा ठेवा, मान थोडी तिकडे” या सूचना तेच करतात.

आमचा फोटोग्राफर हुशार निघाला. सूचना थांबवून तो वीस-पंचवीस पावलं मागे गेला, लांब पल्ल्याची लेन्स लावली आणि म्हणाला, “आता फोटो नाही काढत. तुम्ही फक्त चालत या. अन् भाऊ, बघायला गेले तेव्हाच्या पोह्यात मीठ किती होतं ते ताईला खरंखरं सांगा.” भाच्याने तोंड उघडण्याआधीच होणाऱ्या नवरीने त्याच्या दंडावर चापट मारली. पाय चालण्यात, डोकं पोह्यांत, आणि हातांचा प्रश्न तिनेच सोडवला. त्या अर्ध्या मिनिटातले फोटो आज घराच्या भिंतीवर आहेत.

मागे जाण्याचा आणखी एक फायदा आहे. कॅमेरा जवळ असला की नाक, म्हणजे त्याला सर्वांत जवळचा भाग, उगाच मोठं होतं. 2018 मध्ये अमेरिकेत केलेल्या गणितानुसार 30 सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. सेल्फी बघून नाकाला नावं ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तरीही फोटो बघून होणारी नवरी म्हणालीच, “मामा, माझा चेहरा वाकडा येते ना?” भाचा म्हणे, रोज दिसतेस तशीच तर आहेस. दोघंही बरोबर होते. 1977 च्या एका प्रयोगात मुलींना स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटा. बहुतेकींना उलटा आवडला, तर त्यांच्या मित्रमैत्रिणींना सरळ. वारंवार पाहिलेलं आपल्याला आवडायला लागतं, आणि स्वतःला आपण आरशात पाहतो, भांग दुसऱ्या बाजूला असलेलं. म्हणून पहिली निवड नवरीने नवऱ्याचे फोटो बघून करावी आणि नवऱ्याने नवरीचे. निम्मी भांडणं वाचतील.

नागपुरातलं लग्न मे महिन्यातलं असेल तर बारा वाजता बाहेर शूट ठेवूच नका. महिन्याच्या अखेरीस सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर येतो. भुवयांची सावली डोळ्यांत पडते, आणि उन्हाने डोळे बारीक करायला लागतो तो पुन्हा तोच कड्यासारखा स्नायू, या वेळी मात्र आनंदाशिवाय.

घरच्या ग्रुप फोटोचं वैज्ञानिक उत्तरही उपलब्ध आहे. भौतिकशास्त्रज्ञ पीअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी कोणाचेच डोळे मिटलेले नसावेत यासाठी किती फोटो काढायचे याचं गणित मांडलं, आणि आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारा 2006 चा इग नोबेल मिळवला. विसाच्या आतली मंडळी असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. बारा माणसं, दिवसा चार फोटो, रात्री लॉनवर सहा. रुसून बाजूला बसलेल्या आत्याबाईंचा हिशोब त्यात धरलेला नाही.

लग्नाच्या दिवशी मी मुद्दाम त्या फोटोग्राफरवर लक्ष ठेवून होतो. मंगलाष्टकं चालू असताना तो अंतरपाटाच्या बाजूला गुडघ्यावर बसला होता, कोणाला काहीही न सांगता. “शुभमंगल सावधान” झालं, पाट खाली आला, आणि अक्षतांच्या पावसात भाच्याच्या मुंडावळ्या नाकावर घसरल्या. ती फिस्सकन हसली. क्लिक तेव्हा झालं.