शनिवारी दहा मिनिटं डीजी (डिझेल जनरेटर) नुसता फिरवला की झालं?

‘दर शनिवारी दहा मिनिटं डीजी चालू करायचा, मशीन तयार राहतं.’ सोसायट्यांमध्ये हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. वॉचमन चावी फिरवतो, धूर निघतो, वहीत सही होते. बॅटरीत दम आहे एवढंच त्यातून कळतं.

लोडशिवाय, म्हणजे कशालाही वीज न पुरवता, चालणारं डिझेल इंजिन पुरेसं तापतच नाही. डिझेल अर्धवट जळतं आणि काजळीसोबत सायलेन्सरकडे जातं. एक्झॉस्टच्या जोडाखाली काळा, तेलकट ओघळ दिसतो ना, तो बहुतेक वेळा हाच. लोक मात्र ऑइल लीक समजून गॅस्केट बदलत बसतात! शिवाय ऑइलमध्ये साठलेलं पाणी उडून जायलाही तेवढी उष्णता लागते.

त्यापेक्षा महिन्यातून एकदा अर्धा तास, किमान ३० टक्के लोडवर चालवा. ६२.५ केव्हीएचा सेट म्हणजे ५० किलोवॉट, त्याला निदान १५ हवेत. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे मिळून तेवढे भरतात का, पॅनेलवरच्या मीटरवर बघा. नुसत्या दिव्यांनी भागत नाही. बंद करण्याआधी मात्र लोड काढून तीन-चार मिनिटं रिकामा चालू द्या. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) थंड व्हायला तेवढा वेळ लागतो.