आवळलेली मूठ म्हणजे आलेली ताकद नव्हे

खानापूर तालुक्यातल्या आमच्या आत्तीच्या अंगावरून वारं गेलं, त्याला चार महिने झाले. परवा भेटायला गेलो तर उजवा हात कोपरात दुमडलेला, मूठ घट्ट. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघ की, हातात बळ यायला लागलंय!" आधी लुळा पडलेला हात आवळू लागला की असं वाटणं साहजिक आहे. पण मूठ सोडवून बघितली तर तळव्यात नखं रुतलेली. बळ असतं तर आत्तीने ती मूठ स्वतःच उघडली असती.

या ताठरपणाला डॉक्टर स्पॅस्टिसिटी म्हणतात. त्याची ओळख वेगात आहे. चारचाकीचा सीटबेल्ट सावकाश ओढला तर येतो, हिसका दिला की अडकतो. हा हातही तसाच. प्रत्येक स्नायूत ताण मोजणारे बारीक संवेदक असतात. स्नायू किती ताणला आणि किती वेगाने, ही खबर ते थेट मज्जारज्जूला देतात. तिथूनच "आकुंचन पाव" असा हुकूम परत येतो, मेंदूला विचारलंही जात नाही. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो तो याच वाटेने. निरोगी शरीरात मेंदूकडून येणारे संदेश या वाटेला सतत आवर घालतात. पक्षाघातात तो आवर सुटतो, आणि पुढच्या आठवड्यांत मज्जारज्जूतल्या चेतापेशी जराशा ताणानेही पेटून उठू लागतात. म्हणून आधी लुळेपणा, मग ताठरपणा.

दुसरं दुखणं त्यामागोमाग येतं. महिनोन्‌महिने आखूड राहिलेला स्नायू खरोखरच आखूड होतो. त्याच्या तंतूंमधली आकुंचन पावणारी एककं कमी होतात, भोवतालची ऊती कडक होते. हा दोष चेतेचा नाही, स्नायूच्या घडणीचा आहे. म्हणूनच एकटा उपाय अपुरा पडतो: औषधाने आखूड स्नायू लांबत नाही, आणि नुसत्या ताणण्याने पेटलेली चेता शांत होत नाही.

बॅक्लोफेनची गोळी मज्जारज्जूवर काम करते, पण सगळ्या अंगावर. गुंगी येते, अशक्तपणा येतो. ती मनाने एकदम बंद करणं धोक्याचं. बोट्युलिनम या विषाचं इंजेक्शन मात्र नेमक्या स्नायूत देता येतं. चेतेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन, म्हणजे स्नायूला हुकूम पोचवणारं रसायन, बाहेर पडायला एसएनएपी-२५ नावाचं प्रथिन लागतं. हे विष तेच कापतं, आणि हुकूम स्नायूपर्यंत पोचतच नाही. काही दिवसांत गुण दिसतो, साधारण तीन महिने टिकतो, मग टोकं पुन्हा कामाला लागतात.

हे तीन महिने म्हणजे वाफसा. पेरणी त्यातच उरकायची: हात सरळ धरून ठेवणारं स्प्लिंट, रोजचं सावकाश ताणणं, पेला धरून सोडण्याचा सराव. "एका सुईत हात मोकळा" असं सांगणारे ही पेरणी सांगत नाहीत. कबुतराचं रक्त चोळणारेही अजून भेटतात. ते कातडीच्या आत जात नाही, मज्जारज्जूपर्यंत कुठून जाणार? त्यात जातात ते मोलाचे पहिले महिने.

आणि सगळाच ताठरपणा घालवायचा नसतो. काहींना ताठ पायाच्या आधारानेच उभं राहता येतं. तो सैल केला तर माणूस पडेल. कशासाठी सैल करायचं, हे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि घरच्यांनी आधी ठरवावं.

त्या संध्याकाळी आत्तीचं मनगट मी आधी हळूच आतल्या बाजूला वाकवलं. त्याने बोटांचे स्नायुबंध सैल पडतात. मग अंगठा सोडवला, मग एकेक बोट. तळवा ओल्या फडक्याने पुसून कोरडा केला. काकू शेजारी बसून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच केलं.