डासांच्या मिडगटचं सॅम्पल पाठवताय? आधी ट्यूबवर तास लिहा

नमस्कार. मिडगटमधून, म्हणजे डासाच्या मधल्या आतड्यातून, आरएनए काढणं आणि पुढे क्यूपीसीआर करणं (कुठला जीन किती चालू आहे ते मोजणं) हे आमच्या लॅबचं रोजचं काम, आणि रोजच्या फोनवरचा प्रश्नही ठरलेला, "रिप्लिकेट्स (एकाच प्रकारच्या सॅम्पलचे आकडे) जुळत नाहीयेत, तुमच्याकडे काही गडबड झाली का?" आम्ही मशीन तपासतो, रिएजंट तपासतो, गरज वाटली तर प्लेट पुन्हा लावतो, आणि मग ट्यूब हातात घेऊन बघतो तर लेबलवर फक्त "ब्लड-फेड". रक्त पिऊन किती तास झाले ते कुठेच नाही.

हा एक आकडा नसला की सगळं काम वाया जातं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडीस इजिप्टाय डासाचंच घ्या. ट्रिप्सिन म्हणजे रक्त पचवणारं एन्झाइम. त्यातल्या अर्ली ट्रिप्सिनचा एमआरएनए (प्रोटीन बनवायचा संदेश) मादी रक्त प्यायच्या आधीच तयार ठेवते, रक्त पोटात आलं की पहिल्या काही तासांत त्याचं प्रोटीन बनतं आणि मग ते ओसरतं. लेट ट्रिप्सिन मात्र ८ ते १२ तासांनंतर चढायला लागतं आणि २४ तासांच्या आसपास भरात असतं. त्यात रक्ताभोवती पेरिट्रॉफिक पडदा तयार होत असतो, आतडय़ातले बॅक्टेरिया भराभर वाढत असतात, त्यामुळे इम्यून जीन्सही (रोगप्रतिकाराचे जीन्स) कमीजास्त होतात. म्हणजे ६ तासांचं आणि २४ तासांचं मिडगट एकाच ट्यूबमध्ये टाकलंत तर जो आकडा येईल तो धड याचा नाही आणि धड त्याचा नाही.

मुद्दाम कुणी असं करत नाही, हे आम्हाला माहीत आहे. होतं काय, संध्याकाळी सातला फीडिंग, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पहिली मादी बर्फावर, एकटाच माणूस सुईने एकेक मिडगट ओढून काढतोय, आणि शेवटचं निघेपर्यंत दुपारचे चार. पहिलं १५ तासांचं, शेवटचं २१ तासांचं, आणि तोवर पहिली काढलेली पीबीएसच्या (मिठाच्या द्रावणाच्या) थेंबात तशीच पडून. म्हणून फीडिंगच छोट्या बॅचमध्ये करा, प्रत्येक बॅचला १५-२० मिनिटं द्या, ज्यांचं पोट लालबुंद तट्ट दिसतंय तेवढ्याच माद्या वेगळ्या करा, आणि मिडगट निघालं की लगेच ट्रायझॉलमध्ये (आरएनए टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात) टाका. कंट्रोलच्या शुगर-फेड माद्या त्याच वयाच्या आणि त्याच वेळी काढलेल्या हव्यात, कारण डासांच्या बऱ्याच जीन्स दिवसरात्रीच्या घड्याळाप्रमाणेही वरखाली होतात.

मलेरियावाल्यांनी तापमानही लिहा. अॅनोफिलिस स्टिफेन्साय या मलेरियाच्या डासाला प्लाझमोडियम बर्घेई (उंदरांतल्या मलेरियाचा परजीवी) दिलं की डास १९ ते २१ अंशांवर ठेवावे लागतात, तिथे पचन सावकाश चालतं, त्यामुळे तिथले २४ तास आणि २७ अंशांवरचे २४ तास एक धरता येत नाहीत. आणि ऊकिनेट, म्हणजे परजीवीचं हलणारं रूप, मिडगटची भिंत ओलांडतो तो साधारण २४ तासांच्याच सुमाराला, म्हणजे तुम्हाला जे बघायचंय नेमकं तेच चुकायचं.

दुसरी तक्रार असते आरआयएनची, म्हणजे आरएनए किती शाबूत आहे ते सांगणाऱ्या आकड्याची. "ग्राफवर २८एस आणि १८एस अशी दोन पीक (शिखरं) हवीत, एकच आहे, आरएनए तुटला." तुटलेला नसतो हो. २८एस आणि १८एस हे रायबोसोमचे दोन आरएनए, आणि डासांसकट बहुतेक कीटकांच्या २८एस आरएनएमध्ये मधेच एक खाच असते, गरम केलं की त्याचे दोन तुकडे होतात आणि ते १८एसच्या जागीच येऊन बसतात. म्हणून आम्ही नुसत्या आरआयएनवर सॅम्पल नापास करत नाही, पूर्ण ग्राफ पाठवतो, तो बघा.

रक्त कशाचं दिलं तेही फॉर्मवर लिहायला सांगतो, त्याचा काही जणांना कंटाळा येतो. पण कोंबडीच्या लाल पेशींत केंद्रक असतं, त्यांचा आरएनए तुमच्या सॅम्पलमध्ये मिसळतो, आणि रक्त कुठलंही असो, त्यातलं हीम (हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग) पीसीआर अडवतं. त्यासाठी आम्ही आरएनए शुद्ध करायच्या कॉलमवर जादा वॉश देतो, दर थोडा जास्त वाटतो तो त्यामुळेच.

तास न लिहिलेल्या ट्यूब आम्ही सुरू न करता फोन करतो, यात तुमचे दोन दिवस जातात पण किटचे पैसे वाचतात. फीडिंगच्या आधी फोन केलात तर टाइमपॉइंट्सचं वेळापत्रक आम्ही तुमच्यासोबत बसून लावून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत, आणि तास छापलेली लेबलंही पाठवतो.