चोख काम आणि परफेक्टचा सोस: फरक नेमका कुठे?

दोन्हींत माणूस सारखाच राबतो, म्हणून लांबून फरक कळत नाही. मानसशास्त्रज्ञ डॉन हमाचेक यांनी १९७८ साली परफेक्शनिझमची निरोगी आणि त्रासदायक अशी विभागणी केली होती. पण ओळख पटते ती प्रत्यक्ष कामात.

सोलापुरी शेंगाचटणी घ्या. २५० ग्रॅम दाणे मंद आचेवर खमंग भाजून सोलायचे. १०-१२ लसूण पाकळ्या, २ चमचे तिखट, चमचाभर जिरं आणि मीठ घालून उखळात कुटायचे. चिमटीत दाबल्यावर तेल सुटलं आणि दाण्याचे कणही लागले, की चटणी झाली. चोख हात इथे थांबतो. मीठ कमी वाटलं तर घालायचं, विषय संपला. सोस असलेला हात मात्र ‘अजून जराशी बारीक’ म्हणत कुटतच राहतो आणि चटणीचा लगदा होतो. (मिक्सर सलग फिरवला तर आणखी लवकर, भांडं तापतं ना!)

चोख काम करणाऱ्याचं माप आधीच ठरलेलं असतं. सोस असलेल्याचं माप काम होत आलं की पुढे सरकतं. त्यात अर्धं लक्ष उखळात, अर्धं ‘सासूबाई काय म्हणतील’ यात. मग भाजक्या दाण्यांचा वास तरी कुठून जाणवणार? पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले. त्यातला ‘लोकांना माझ्याकडून बिनचूकच हवंय’ असं धरून चालणारा सगळ्यात जाचक. चटणी फक्कड जमली तरी वाटतं ते एवढंच, की सुटलो एकदाचे.

चूक झाल्यावर तोंडून काय निघतं ते ऐका. ‘मीठ जास्त पडलं’ हे चटणीबद्दल झालं. ‘मला मेलीला काहीच जमत नाही’ हे नेहमीचंच असेल, तर तो सोस.

‘अपेक्षा कमी कर’ हा सल्ला अशा माणसाला निरुपयोगी. त्याला तो आळस वाटतो. त्याऐवजी ‘झालं’ म्हणजे काय, याच्या दोन खुणा सुरुवातीलाच ठरवा. चव फार तर दोनदा बघा आणि वाढून टाका. अधूनमधून मुद्दाम एखादी भाकरी वाकडी राहू द्या. आधी कोण काय म्हणेल ते लिहा, जेवणं झाल्यावर खरंच कोण काय म्हणालं ते शेजारी लिहा. समुपदेशकही असे प्रयोग करून घेतात. झोप-जेवण बिघडलं असेल तर सरळ त्यांच्याकडेच जा. हे प्रयोग घरी करणार असाल तर सणावाराला, पाहुणे असताना नको. साधा मंगळवार बरा.